डोळे उघडण्याआधी

"खाली उतर म्हणतो ना, मामाजी!" विजयकुमारने स्टुलाला लाथ घातली आणि देवीदास पेंटर रंगाच्या डब्यांसकट कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या मातामंदिरापुढे आपटला.

विजयकुमार त्याचा जावई. गेल्या उन्हाळ्यात देवीदासची एकुलती एक लेक कलावती याच्याच घरात जळून मेली. स्टोव्ह भडकला म्हणे! बाहेरून कडी घातलेल्या खोलीत भडकणारा स्टोव्ह विजयकुमारच्याच घरी असावा.

पंच्याऐंशी सालच्या नवरात्रासाठी मंदिराच्या भिंतीवर महिषासुरमर्दिनी काढायचं काम देवीदासकडे आलं. देवीमागे त्याने डोंगर काढले नाहीत. मरोद्याचा तलाव काढला, कारखान्याच्या चिमण्या काढल्या, कलावती जन्मली ते कौलारू घर काढलं. देवीचा चेहरा आपोआप तिचा उतरला. राक्षसाचा मात्र आपोआप नव्हे, चांगला मनात घोळवून विजयकुमारचा काढला. आता अख्खी वस्ती जावयाकडे बोट दाखवत होती.

"चुना मार त्याच्यावर! नाहीतर हात तोडतो."

"तोड ना. तुनं माही पोरगी जाळली, हाताचं काय घेऊन बसला?"

विजयकुमारच्या हातातली लोखंडी सळई देवीदासच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या पुजारीणबाईला, भागाबाईला, ऐकू गेला. विजयकुमारचे सोबती चुन्याची बादली घेऊन पुढे सरले.

"भागाबाई, आवर ह्याईले!" देवीदास ओरडला.

"कशी आवरू रे बापा? डोये कुठं उघडले अजून? बिनडोयाची माता म्हंजे नुसती भिंत."

खरंच होतं. डोळे घटस्थापनेला, पूजा करून काढायचे. तोवर चित्र कुणीही पुसावं. डोळे उघडल्यावर मात्र तिला चुना फासायची कुणाची छाती नव्हती.

देवीदास सरपटत भिंतीशी गेला. पाठीवर सळई पडतच होती. सांडलेल्या काळ्या रंगात त्याने डाव्या हाताचं बोट बुडवलं, भिंतीला धरून उठला आणि डोळे काढले. एक जरा तिरकाच आला.

"डोये उघडले! माता आली!" भागाबाई किंचाळली.

बादलीवाल्याने बादली ठेवून मुकाट्याने चपला काढल्या. आजूबाजूच्या बायका धावून आल्या. इतके दिवस गिळलेला राग त्यांनी त्याच दिवशी काढला. विजयकुमारला केसांना धरून फरफटत आणलं आणि "पाया पड!" म्हणत त्याचं कपाळ भिंतीच्या पायथ्याशी रक्त येईस्तोवर आपटलं.

देवीदासने तिकडे पाहिलंही नाही. "कला, बाई माही..."

भागाबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नावानं नको हाक मारू आता, भाऊ. माता हाये थे."

त्याला रडू कोसळलं. मोडका हात छातीशी धरून तो बायकांच्या मागे रांगेत उभा राहिला, आणि पाळी आल्यावर बापाने लेकीपुढे डोकं टेकलं.