भिकीच्या भाषणात वाजलेली घंटी

मी एक जुनी पितळी टेबलघंटी आहे, मित्रांनो. उल्हासनगरच्या एका लहानशा कारखान्यात माझी वाटी घडली आणि बदलापूर गावातल्या एका शाळेत मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आले. डोक्यावरचं बटण दाबलं की शिपाई लगबगीने यायचे. पाहुणे म्हणायचे, "काय गोड आवाज आहे हिचा!" पुढे विजेची बेल आली आणि माझी रवानगी कपाटात, खडूच्या खोक्यांमागे झाली. आता वर्षातून एकदाच, वक्तृत्व स्पर्धेला, वेळ संपल्याची खूण द्यायला मला बाहेर काढतात.

यंदा विषय होता 'बदलते जग आणि महासत्तेचे परराष्ट्र धोरण'. पहिला नंबर येईल तो जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता. डोंगराकडच्या पाड्यावरची, दहावीतली भिकी बोलायला उठली. ऋता मॅडमनी तिला भाषण लिहून दिलं होतं. दुसऱ्याच ओळीत ती 'बहुध्रुवीय' शब्दावर अडखळली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. भिकीने शांतपणे कागदाची घडी घातली.

"आमचे पाड्यावर आधी एकाचेच दारात विहीर व्हती," ती म्हणाली. "तो म्हणंल तसं आमी वागायचो. त्याचे घरात लगीन असलं का आमचं पाणी बंद. आमच्यावर राग नसायचा त्याचा, घरची गरज असायची. महासत्ता तशीच. तिचं धोरण तिचेच सयपाकघरात, कारखान्यात नि मतपेटीत ठरतं."

"मुद्द्यावर ये," अंबरनाथहून आलेले परीक्षक प्रीतम सर म्हणाले आणि त्यांनी मला दाबलं. वेळ संपली नव्हती. मी खणखणले, मला तेवढंच येतं. माझा नाद विरेपर्यंत भिकी थांबली.

"मुद्दा ह्योच हाय, सर. मंग आनखी तिघांनी बोअर मारल्या. आता तो पहिला कवा गोड बोलतो, कवा धमकी देतो. त्याला भ्या वाटतं, लोक दुसरीकडं जातील. जग बदललं म्हंजे येवढंच झालं. आपण पाणी कुनाकडनं बी घ्यावं, पन मान ताठ ठेवावी. डोईवर हंडा असला का ती ताठच लागते."

सरांचं बोट पुन्हा माझ्याकडे आलं. ऋता मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"सर, अजून दोन मिनिटं आहेत तिची."

मॅडमनी स्वतः लिहिलेलं भाषण तर भिकीच्या हातात घडीतच राहिलं होतं.

निकालात भिकीला उत्तेजनार्थ मिळालं. "विचार बरे आहेत, भाषा अशुद्ध," सर म्हणाले. भिकी टेबलापाशी आली, पण प्रमाणपत्राला तिने हात लावला नाही.

"माझा कंचा मुद्दा चुकला त्यो सांगा, सर. मंग घेते."

सरांनी कागद चाळले आणि पुढचं नाव पुकारलं. भिकी वळली आणि जागेवर जाऊन बसली. जिल्ह्याला दुसरीच मुलगी गेली.

मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, अधूनमधून मला पुसा, माझ्या स्प्रिंगला तेलाचा थेंब द्या. म्हातारीचा तेवढा हक्क आहे. पण एखादीचं बोलणं तुम्हाला पटलं नाही, तर तिला उत्तर द्या. मला दाबू नका.