डोळ्यांपुरती जागा

रेवा दुपारी दोन तास झोपायची, तेवढेच माझे. ते मी रतनलालशेठच्या दुकानात घालवायचे.

धुळ्यात पाच नंबर गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर शेठचं लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं काम चाले. चौऱ्याण्णव साली त्यांनी मुंबईहून एक कार्ड आणवलं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की कॉम्प्युटरवरची अक्षरं थेट लग्नाच्या चित्रावर उमटायची. कार्ड आलं, पण चालवणार कोण? मी जळगावच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकलेली, सात महिन्यांच्या मुलीची आई, घर गल्लीच्या टोकाला. शेठनी स्वतः खिडकीच्या गजांना जुनं लुगडं बांधून झोळी करून दिली. "पोरगी झोपली तर तुम्ही काम करा ताई, उठली तर मी हलवतो," म्हणाले. हलवायचेही.

त्या कार्डाची मेमरी म्हणजे चौसष्ट हजार घरांची एकच लांबलचक रांग. पडद्याच्या एका ओळीला तीनशेवीस घरं. दहा ओळी खाली जायचं तर दहादा तीनशेवीस घरं ओलांडायची. चौकोन काढायचा तर प्रत्येक ओळीत आपल्या वाट्याची घरं भरायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, आणि खालच्या ओळीत पुन्हा नेमकं त्याच जागी उतरायचं. ज्या घरात शून्य असेल तिथे कार्ड काहीच काढत नाही, मागचं लग्न दिसू देतं. मी बहुतेक सगळी घरं शून्यच ठेवायचे आणि तळाच्या पट्टीत नवरा-नवरीची नावं लिहायचे. शेठना त्याचंही मोठं कौतुक. गिऱ्हाइकाला जिन्यातूनच सांगायचे, "आपल्याकडे नाव कॉम्प्युटरने येतं."

एका मंगळवारी लिलाबाई आल्या. मूळच्या साक्रीकडच्या, राहायला धुळ्यातच. सोबत दीर झुलालभाऊ. पंधरा दिवसांपूर्वी लिलाबाईंच्या मुलीचं, यशोधराचं लग्न झालं होतं आणि शूटिंग शेठनीच केलं होतं. मुलगी शिरपूरला दिलेली. लिलाबाईंनी पदराच्या गाठीतून एसटी डेपोचं एक ओळखपत्र काढलं. त्यावर त्यांच्या नवऱ्याचा, पितांबररावांचा फोटो. लग्नाच्या आठ महिने आधी ते गेले होते. दुसरा फोटो घरात नव्हता.

"पूर्ण पडद्यावर दाखवू," शेठ म्हणाले. "खाली कैलासवासी..."

"कालकथित लिखा शेठ, आमनामा तेच लिखतंस," झुलालभाऊंनी मध्येच सांगितलं.

"कालकथित. बरोबर. दोन मिनिटं फोटो, मागे मंद संगीत. एकदम फस्क्लास."

लिलाबाईंनी मान हलवली. "तसं नको भाऊ. फोटो ते घरमाबी शे. पोर हार घालत व्हती ना, तव्हय त्या तिना जोडे पाहिजेत. एकच चित्रमा."

हार घालताना बाप लेकीच्या शेजारी हवा होता. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुले जमी का माय?"

मी हो म्हटलं. जमण्यासारखं होतं, असं वाटलं होतं.

ओळखपत्रावरून हातातला छोटा स्कॅनर दोनदा फिरवला. कोपऱ्यावर डेपोचा शिक्का होता, तो एक-एक घर करत पुसला. त्यात दोन दिवसांच्या झोपा गेल्या, म्हणजे रेवाच्या. गुरुवारी लिलाबाई आणि झुलालभाऊ नमुना बघायला आले. शेठनी टेप चालू केली. मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली यशोधरा, डोक्यावरून पदर. मी बटण दाबलं आणि तिच्या खांद्याशी पितांबरराव आले.

आले, पण त्यांचे केस पांढरेशुभ्र होते, मिशाही.

यशोधरा जरा वाकली तेव्हा केस मांडवासारखे निळे झाले. सरळ उभी राहिली, पुन्हा पांढरे.

"भाऊ एकदम म्हातारा व्हयना," झुलालभाऊ हसले. मग कुणीच हसत नाही असं बघून त्यांनी टोपी काढून उगाच झटकली.

चूक माझी होती. काळ्या रंगाला शून्य द्यायचं, ही माझी कॉलेजातली सवय. इथे शून्य म्हणजे भोक. पितांबररावांच्या अंगावर जे जे काळं होतं, केस, मिशा, बुबुळं, तिथे तिथे भोक पडून मागची साडी दिसत होती. मी लिलाबाईंना हे सांगायला लागले. त्या ऐकत नव्हत्या. टेप संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसल्या.

"सेहेचाळीसना व्हतात," त्या म्हणाल्या. "एक केस पिकेल नव्हता."

"उद्या नीट करून ठेवते, मावशी."

"उद्याच पाहिजे माय. परवा शिरपूरले सगासोयरा जमतीन कॅसेट देखाले. झुलाल पाचनी गाडीमा जाई."

त्या रात्री माझं काहीच झालं नाही. रेवाला दात येत होते. शुक्रवारी सकाळी तिला मांडीवर घेऊन वहीच्या मागच्या पानावर प्रोग्रॅमची दुरुस्ती लिहिली आणि दुपारी दुकानात जाऊन ती भरली. फोटोच्या चौकोनात जिथे शून्य तिथे एक टाकायचा, आणि एक नंबरचा रंग काळा करायचा. चौकोनाबाहेरच्या घरांना स्पर्श नाही, नाहीतर अख्खं लग्नच काळं झालं असतं. बटण दाबलं. केस काळे, मिशा काळ्या, डोळे काळे. पितांबरराव ओळखपत्रावर होते तसे, सेहेचाळीसचे.

लिलाबाई त्या दिवशी दीड वाजताच आल्या होत्या. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बघितलं. "हाई बराबर शे," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जणू काही माझ्याकडे जास्तीचं मागत आहेत अशा आवाजात, "काल एक दिखनं व्हतं."

"काय?"

"पोरनी हार घालाले हात वर करा ना, तव्हय त्यास्ना डोयास्मा तिना हात दिखना. जाताना. आज नही दिखना."

मी शेठकडे बघितलं, शेठनी घड्याळाकडे. दोन वाजत आले होते. कॅसेट दीड तासाची, आणि भरायला दीड तासच लागणार. मध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ पाचच्या गाडीआधी नव्हता.

"ताई, आहे ते चांगलं आहे," शेठ हळूच म्हणाले. "हात कशाला लावता?"

आहे ते चांगलंच होतं. पण लिलाबाई झोळीकडे गेल्या होत्या आणि रेवाला झोका देत होत्या. हट्ट धरला असता तर मी कदाचित नाही म्हटलं असतं.

शेठना म्हटलं, "तुम्ही टेप चालू करा. हाराला अजून तासभर आहे. शेजारच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर लिहिते, तोपर्यंत नावं याच्यावरून जाऊ देत."

एका डोळ्याला पाच घरं रुंद, तीन घरं उंच. पंधरा. दोन डोळ्यांची तीस. चौसष्ट हजारांतली तीस घरं. अख्खा फोटो पुन्हा काढला असता तर तो क्षणभर लुकलुकला असता, चाललेल्या लग्नात बापाचा चेहरा गेला नि आला असं दिसलं असतं. म्हणून फक्त तीस घरं. स्पेसचं बटण दाबलं की त्यांत शून्य, पुन्हा दाबलं की काळा. मी बोटाने पडद्यावरच्या ओळी मोजल्या, गुणाकार दोनदा केला. उजवा डोळा डाव्यापेक्षा एक ओळ खाली होता. फोटो काढताना ते मान कलती ठेवून बसले असावेत.

प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन ती कार्डाच्या कॉम्प्युटरला लावली तेव्हा पडद्यावर त्रिसरण चालू होतं. नावांची पट्टी नुकतीच संपली होती. नवा प्रोग्रॅम सुरू केला, फोटो आला, केस काळे. आणि तेवढ्यात रेवा उठली.

अशी रडली की शेठ हातातला हेडफोन टाकून धावले. त्यांच्या हलवण्याने गप्प होईना. भूक लागलेली. मी तिला पदराखाली घेतलं. एका हाताने तिला धरलेलं, दुसरा हात तिने घट्ट पकडून ठेवलेला, पाचही बोटं.

"मावशी, इथे या," मी म्हटलं. "हे लांब बटण दिसतंय? हार घालायला हात वर येईल तेव्हा एकदा दाबायचं. हात खाली गेला की पुन्हा एकदा."

"मी? माय, बिघडी जाई काही."

"तुम्हीच. हात कधी वर येतो ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

त्यांनी पदराला बोट पुसलं आणि बटणावर नुसतं ठेवलं. शेठ उभे. रेवा पितेय त्याचा आवाज.

पडद्यावर कुणीतरी यशोधराच्या हातात हार दिला. तिने तो नीट धरला, एक पाकळी झटकली. मी म्हणणार होते, आता. लिलाबाईंनी त्याआधीच दाबलं होतं. हात हलायच्या आधी मुलीचा खांदा हलतो, ते त्यांना दिसलं होतं.

हात वर गेला. पितांबररावांच्या डोळ्यांतून हिरव्या बांगड्या गेल्या, मग झेंडूचा पिवळा. बारीकसं काहीतरी हललं, बस्स. ज्याला माहीत नाही त्याला दिसलंही नसतं. मग नवऱ्या मुलाने हार घातला आणि झेंडू यशोधराच्या खांद्यावर येऊन थांबला. डोळ्यांत दोन पिवळे ठिपके राहिले.

"मावशी, आता पुन्हा," मी म्हटलं.

लिलाबाईंनी बोट बटणावरून उचलून पदरात घेतलं.

लोक मंचावर यायला लागले. कुणी पाकीट दिलं, कुणी फुलं, एका म्हातारीने यशोधराच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. जो कुणी तिच्याजवळ येई, तो त्या तीस घरांमधून थोडासा जाई.

"ताई," शेठ कुजबुजले, "डोळे बंद करायचे राहिले."

माझा हात आता मोकळा होता. रेवाने सोडला होता. बटण हातभरावर होतं.

"राहू द्या शेठ," मी म्हटलं.

कॅसेट पावणेचारला भरली. झुलालभाऊ खाली सायकल धरून उभेच होते. लिलाबाईंनी कॅसेट स्वच्छ रुमालात बांधली, त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "पोरले सांग, हार घालतस तठे टीव्हीना जोडे बठजो."