तीन हात कोरं खोड

कार्तिकातली कोवळी, केशरकांत सकाळ. खाडीच्या निळ्याशार निद्रेवर धुक्याची धूसर दुलई, आणि त्या धुक्यातून वर आलेले माड; उंच, उन्मन, आपल्याच झावळ्यांच्या सळसळीत हरवलेले. वारा यायचा, माड डोलायचे. वारा जायचा, माड डोलतच राहायचे.

त्या माडांखाली चटई टाकून पुनाजी चितारी बसला होता. दशावतारी गंजिफांची गोल खेळपानं रंगवणारा सावंतवाडीचा हात, पण सध्या कंपनी सरकारच्या एका डॉक्टरसाहेबासाठी झाडंपेडं रंगवीत होता. हरितश्यामल मिरवेली झाल्या, रक्तवर्ण रातांबे झाले. उरला एकटा माड. साहेबाला त्याची उमललेली पोय, म्हणजे फुलांचा तुरा, जवळून रंगवून हवी होती.

आता गंमत बघा. वाडीतल्या साऱ्या माडांच्या पोया माडीची दारू काढण्यासाठी बांधलेल्या, तासलेल्या. अखंड, हस्तिदंती पोय फुलली होती ती सुभद्रेच्या माडावर.

हा माड लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, भिवा भंडाऱ्याने लावलेला. माड वर्षाला हातभर वाढे, भिवा वर्षाला एक खाच पाडून वर चढे. तीन वर्षांपूर्वी भिवा तापाने गेला. माडाला कुठलं सुतक! तो वाढतच राहिला, आणि शेवटच्या खाचेच्या वर तीन हात खोड कोरं राहिलं. मेलेल्याच्या पायऱ्यांवर परक्याने पाय ठेवायचा नाही. घरच्याने पुढची खाच पाडली की माड मोकळा, अशी तिथली रीत. सुभद्रेच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. माड चढणाऱ्या गावच्या भंडाऱ्यांनी कानाला हात लावले.

साहेब तो साहेब. म्हणाला, चढत नाहीत तर दुपारी माड पाडा. आणि चित्रात त्या खाचा नकोत. मला माडाची जात हवी, कुणाच्या घरची गोष्ट नको.

पुनाजीने कुंचला खाली ठेवला. आपल्या एका पानासाठी एक उभा जीव आडवा होणार. तो सुभद्रेच्या अंगणात गेला.

"वयनी, दुपारी कुऱ्हाडी येतील."

ती कितीतरी वेळ वर बघत राहिली. "तीन वर्सां मी वर बघूक नाय," ती म्हणाली. "सायबाक सांगा, पोय मी देतंय."

तिने पदर खोचला, भिवाची कोयती कमरेला लावली. त्याच्या खाचेत तिचं पाऊल, पुन्हा खाच, पुन्हा पाऊल. आयुष्याचं एकेक वर्ष पायाखाली घेत ती धुक्यात शिरली. शेवटच्या खाचेवर थांबली.

मग वरून कोयतीचे घाव ऐकू आले. थांबले. पुन्हा आले. थांबले. तिसऱ्यांदा आले ते जरा जास्त वेळ.

पोय घेऊन ती उतरली तेव्हा डोळे वाहत होते, आणि तिने ते पुसले नाहीत. "आता चढांदेत कोणव," एवढंच म्हणाली.

पुनाजीने पोय रंगवली, मोत्याच्या दाण्यासारखं एकेक फूल. खोड हुकमाप्रमाणे गुळगुळीत केलं. मात्र शेंड्याखाली, खारीच्या केसांच्या कुंचल्याने, सुभद्रेने पाडलेल्या तीन खाचा बारीक काढल्या. साहेबाने भिंग लावलं, सावल्या समजून मान डोलावली.

चित्र गलबतातून सातासमुद्रापार गेलं. इकडे वारा यायचा, माड डोलायचे. वारा जायचा, आणि खाडीकाठचा एक माड चौथ्या खाचेसाठी हळूहळू वाढत राहायचा.