मागच्या फळीतला पाचवा

दौऱ्यावर मागच्या फळीचे, राखीव धरून, पाच गडी न्यायचे होते. त्यातले चार ठरले तेव्हा कपातला चहासुद्धा निवला नव्हता. पाचव्यापाशी मात्र गाडं अडलं.

निवड करणारे तिघे. पाओरा शाळेची बस चालवायचा. तरुणपणी याच फळीत खेळून त्याच्या कानांची पार भजी झाली होती. कीथ ड्रमंड वरच्या अंगाला मेंढ्यांच्या मोठ्या कुरणाची व्यवस्था बघायचा. तिसरा म्हातारा तामाती, जो बैठकीत बहुधा डोळे मिटून असायचा. पूर्व किनाऱ्यावरचा त्यांचा संघ लहान, गावं त्याहून लहान; पण दक्षिण बेटाचा दौरा कितीतरी वर्षांनी जमून आला होता. आणि रग्बीत मागची फळी म्हणजे संघाचा जीव. आठ जण खांद्यात खांदे अडकवून स्क्रममध्ये रेटत असतात, तेव्हा शेवटच्या तिघांनी, म्हणजे या फळीने, रेटायचंही, आणि चेंडू बाहेर आला की सगळ्यांआधी सुटून झेपही घ्यायची.

"तर मग, डेनिस की मातियू?" कीथने विचारलं.

पाओरा खिडकीबाहेर बघत राहिला. मातियू त्याचा सख्खा भाचा, हूहानाताईचा धाकटा. लहानपणी तापात त्याचे कान गेले ते गेलेच. मैदानात मात्र त्याच्यासारखा गडी त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता, हे पाओराला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"डेनिस," तो म्हणाला.

कीथला नवल वाटलं, पण त्याने मान डोलावली. "मलाही तेच वाटतं. खेळाचं म्हणशील तर मातियूच. पण शिट्टीचं काय? इथले रेफरी त्याला ओळखतात. शिवाय त्याचा भाऊ हिरिनी शेजारीच आठ नंबरला असतो, शिट्टी झाली की याच्या पाठीत थाप मारतो. तिकडे रेफरी परका, समोरची पोरं परकी. शिट्टी झाल्यावर याने कुणाला आडवा केला आणि त्याची मान मोडली तर?"

तामातीने एक डोळा उघडला. "घरात बसून कसलं ठरवताय? शनिवारी चाचणीचा सामना आहे ना? डोळ्यांनी बघा की."

"बघायचंच तर नीट बघू," कीथ म्हणाला. "हिरिनीला समोरच्या संघात टाकतो. आणि रेफरी शहरातला आणतो, त्याला काही न सांगता."

पाओराला हा डाव पसंत नव्हता. पण पडला मामा, बोलायची चोरी.

शनिवारी समुद्राकडून झोंबरा वारा सुटला होता. कुंपणाला घोडे बांधलेले, गाड्यांच्या टपांवर पोरं चढलेली. डेनिस आणि मातियू एकाच संघात, स्क्रमच्या दोन बाजूंना; मातियूच्या पाठीवर सात नंबर. समोरच्यांचा नऊ नंबर, म्हणजे स्क्रममागून चेंडू उचलून फेकणारा, होता रंगी. अंगाने लहानखुरा, पण भलताच बेरकी. पहिल्याच स्क्रमला चेंडू पायांतच असताना त्याने हातांनी फेकल्याचा आव आणला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "सुटला!" डेनिस ताडकन बाहेर पडला. चेंडूआधीच सुटला, म्हणजे ऑफसाइड. शिट्टी, दंड. मातियू जागचा हलला नव्हता. त्याची नजर चेंडूवर खिळलेली. थोड्या वेळाने रंगीने तेच सोंग पुन्हा केलं आणि डेनिस पुन्हा फसला. पुढच्या खेपेला रंगीने तोंडातून शब्दही न काढता खरंच चेंडू उचलला. तो सरळ उभा राहतो न राहतो तोच मातियूने त्याला चिखलात निजवलं.

"अगं आई गं!" रंगी विव्हळला. कुंपणावरची माणसं खिदळली. पाओराने हसू दाबलं.

उत्तरार्धात मात्र व्हायचं तेच झालं. एकाच्या हातून चेंडू पुढे निसटला, रग्बीत ते चालत नाही; शिट्टी वाजली, सगळे थांबले. रंगी चेंडू काखेत मारून निवांत उभा होता. मातियू माणसांच्या ढिगाऱ्यातून नुकताच उठला होता. त्याला दिसला फक्त चेंडू. तो धावत आला आणि त्याने रंगीला उताणा पाडला.

पाओराने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रेफरी मातियूसमोर बोट नाचवत होता. चांगलं लांबलचक झापणं चाललं होतं. मातियू त्याच्या ओठांकडे अदबीने बघत राहिला, मग मान डोलावली, रंगीला हात देऊन उठवलं आणि गुमान मागे गेला.

"संपलं," कीथ हळूच म्हणाला.

सामन्यानंतर क्लबच्या खोलीत बायकांनी चहा मांडला. तळलेला पाव, मटण, भाजलेली रताळी. रेफरी थेट कीथकडे आला.

"तुमचा तो सात नंबर कोण हो?"

"का? काय झालं?"

"इतकी वर्षं शिट्टी फुंकतोय, पण मागच्या फळीतला माणूस उलट बोलत नाही, हे आज पहिल्यांदा बघितलं. एवढं झापलं, पठ्ठ्याने ब्र काढला नाही! ऑफसाइड तर एकदाही नाही. असा एक तरी माणूस आमच्याकडच्या संघात हवा होता."

कीथला चहाचा ठसका लागला. खोकला थांबल्यावर त्याने खरं काय ते सांगितलं.

रेफरीने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी एवढा घसा कोरडा केला तो कुणासाठी?" मग स्वतःच हसला. "आधी सांगायचं नाही का, भल्या माणसा? शिट्टीबरोबर आम्ही हात वर करतोच. तो जरा उंच धरायला काय पैसे पडतात? तिकडे प्रत्येक सामन्याआधी रेफरीला सांगा, समोरच्या कप्तानालाही सांगा. आणि शेजारी भावाला ठेवा. झालं."

कीथ पाओराकडे वळला. "मातियू."

"नको," पाओरा म्हणाला. "माझा भाचा आहे तो. लोक म्हणतील, मामाने घुसवला."

"अरे, या किनाऱ्यावर तुझा भाचा नाही असा आहे कोण?" तामाती दोन्ही डोळे उघडून म्हणाला. "डेनिसची बायकोसुद्धा तुझी भाचीच. घे मातियूला आणि मला जेवू दे."

हूहाना पलीकडेच पाव तळत होती. ती झारा घेऊनच आली. "पाओरा, तू माझ्या पोराच्या विरुद्ध गेला होतास?"

"ताई, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून..."

"लोकांच्या बोटांना घाबरतोस, आणि या झाऱ्याला नाही?"

तिने त्याच्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा उचलून रेफरीला वाढला. पाओराने रताळ्यांवर समाधान मानलं.

मातियू कोपऱ्यात भावाशेजारी बसला होता. पाओरा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. घरच्या घरी तयार झालेली त्यांची हातांची भाषा होती. त्याने हवेतच बसचं चाक फिरवलं, दक्षिणेकडे बोट केलं आणि मग तेच बोट मातियूच्या छातीला टेकवलं. मातियूचा चेहरा उजळला. पण लगेच त्याने डेनिसकडे बोट दाखवलं. पाओराने मान हलवली. नाही.

मातियू उठून डेनिसकडे गेला आणि अवघडल्यासारखा उभा राहिला. डेनिसने त्याच्या खांद्यावर एक गुद्दा हाणला.

"जा रे, जा! रंगीचं ओरडणं तुला ऐकू येत असतं ना, तर तूही माझ्यासारखाच फसला असतास."

मातियूने ते त्याच्या ओठांवरून वाचलं आणि हातांनी भराभरा काहीतरी सांगितलं. हिरिनी हसत सुटला.

"काय म्हणतोय?" डेनिसने विचारलं.

"म्हणतोय, ऐकू यायचं सोड. रंगी थाप मारतो तेव्हा त्याच्या भुवया वर चढतात. त्या बघ."

सगळ्यांनी रंगीकडे पाहिलं. "काहीतरीच!" रंगी म्हणाला, आणि त्याच्या भुवया कपाळावर चढल्या. खोली हास्याने दणाणली. सगळ्यात मोठ्याने डेनिस हसत होता.

दक्षिणेत पहिला सामना होता त्या दिवशी गारा पडत होत्या. तिथल्या रेफरीने प्रत्येक शिट्टीला हात आभाळाकडे नेला, इतका उंच की प्रेक्षकांना वाटलं, हा पावसाला थांबवतोय. संघ थोडक्यात हरला. रात्रीच्या जेवणाला तिथला आठ नंबर, एक आडदांड शेतकरी, मातियूच्या शेजारी बसला. दोघं हातवारे करून मेंढ्यांविषयी काहीतरी सांगत होते. मध्ये कुणी लागत नव्हतं. पाओराने ते पाहिलं, आपली खुर्ची शेकोटीजवळ ओढली आणि कालवांच्या दुसऱ्या बशीला हात घातला.