मापाचा देवमासा

मातीमास्तरांना आपल्या हाताचा अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. अंध मुलांच्या शाळेत येण्याआधी पंधरा वर्षं त्यांनी प्लास्टरच्या कारखान्यात छताच्या नक्षीचे साचे घडवले होते. शाळेत आल्यावर त्यांनी दर गुरुवारी समुद्राचा तास सुरू केला. मातीचं कासव, मातीचा समुद्रघोडा, मातीचा देवमासा. मुलांनी ते चाचपायचे, तसेच घडवायचे, आणि घडवता घडवता शिकायचं: कासव प्लॅस्टिकची पिशवी का गिळतं, समुद्रात टाकून दिलेलं फाटकं जाळं वर्षानुवर्षं मासे कसं मारत राहतं, देवमासा किनाऱ्यावर अडकला तर काय करायचं. ओढायचं नाही, अंग ओलं ठेवायचं, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. पोरं हे घडाघडा म्हणून दाखवायची. पाहुणे आले की मुख्याध्यापिका त्यांना आधी मास्तरांच्या खोलीत आणायच्या, आणि मास्तर तोंडदेखला संकोच करायचे.

वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण एका उत्तरावर तिचं कधी भागत नसे. ती मामाकडे राहायची. मामाची मासेमारीची होडी होती आणि होडीवर त्याच्यासह चार माणसं. समुद्राचा तास सुरू झाल्यापासून वकीलबाईने मामाच्या नाकी नऊ आणले होते. तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच, "फाटकं जाळं समुद्रात टाकलंस?" शेवटी कंटाळून का होईना, मामा फाटकी जाळी किनाऱ्यावर आणू लागला. मग त्याच्या शेजारच्या दोन होड्याही आणू लागल्या. मास्तरांनी ही गोष्ट शाळेत निदान दहा जणांना सांगितली असेल.

त्या गुरुवारी मास्तरांनी सगळ्यांपुढे एकेक देवमासा ठेवला. वकीलबाईने हात बाकाखालून काढलेच नाहीत.

"काय ग, बरं नाही का?"

"सर, खरा देवमासा केवढा असतो?"

"खूप मोठा. सांगितलं होतं की."

"हो. आणि हा माझ्या समुद्रघोड्यापेक्षा जेमतेम मोठा आहे."

मास्तर हसायला गेले आणि तिचा चेहरा बघून थांबले.

तिने सगळं सांगितलं. रविवारी बंदरापलीकडे एक देवमासा वाळूत अडकला. मामा आणि त्याची माणसं संध्याकाळपर्यंत त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतत होती. तो मेला. सोमवारी धक्क्यावर सगळे त्याच्याविषयी बोलत होते, तेव्हा हिने विचारलं, "मग चौघांनी उचलून पाण्यात का नाही ठेवला?"

"सगळे हसले, सर. पोट धरधरून हसले. मामापण हसला. आता मी जाळ्याचं नाव काढलं की म्हणतात, आली देवमाशाला कडेवर घेणारी. काल त्या दोन्ही होड्यांनी फाटकी जाळी पुन्हा समुद्रात टाकली. मामानेपण."

त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला देवमासा केवढा ते हातांनी दाखवायला सांगितलं. एकाने मांजराएवढा दाखवला, एकीने उशीएवढा. सगळ्यात धीट पोराने कॉटएवढा सांगितला, तर बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. दोन वर्षं मास्तर एकाच फळीवर, एकाच वितीत सगळा समुद्र घडवत आले होते. डोळसांना चित्रात हत्ती बोटभर दिसला तरी हत्ती केवढा ते ठाऊक असतं. या मुलांना मास्तरांच्या मातीखेरीज कोण सांगणार होतं? इतकी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मी आता या तासाला नाही येणार," वकीलबाई म्हणाली. "तुमच्या भरवशावर बोलले आणि तोंडघशी पडले."

ती भिंतीला हात लावत निघून गेली. मास्तरांनी तिला थांबवलं नाही. काय तोंडाने थांबवणार?

संध्याकाळी ते धक्क्यावर गेले. मामा इंजिनाच्या झाकणावर बसून हात पुसत होता.

"मला माहीतच होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "अहो मास्तर, मुद्दाम नाही हसलो. चारचौघांत पोरीने असं विचारलं, आलं हसू."

"लांबी किती होती त्याची?"

"होडीपेक्षा पाच फूट जास्त. होडी पस्तीस फूट."

"जाडी?"

मामाने हात डोक्यावर उंच धरला. मग हात तसाच राहिला, आणि मामा दुसरीकडेच बघू लागला.

"शनिवारी दोर घेऊन याल?" मास्तरांनी विचारलं. "आणि तिलाही आणाल?"

"दोर आणतो. ती येईल याची हमी देत नाही."

शनिवारी सकाळी शाळेतल्या झाडून सगळ्या खुर्च्या अंगणात आल्या. खुर्च्यांच्या पाठींवरून मास्तरांनी मामाचा जाड दोर हाताच्या उंचीवर बांधत नेला, देवमाशाच्या अंगाच्या वळणाने. डोकं नळापाशी सुरू झालं आणि अंगण निम्म्या माशातच संपलं. मग फाटक उघडून शेपूट रस्त्यावर काढावी लागली. शिपाई तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालायला लावत होता आणि प्रत्येकाला, "मासा आहे, मासा," असं सांगत होता.

मामाने वकीलबाईला धरूनच आणलं होतं. तिचं तोंड फुगलेलं होतं.

"हात ठेव," मास्तर म्हणाले. "हे नाक. इथून चाल."

ती दोरावर हात ठेवून पावलं मोजत निघाली. दहा. पंधरा. सोळाव्या पावलाला तिला फाटकाचा उंबरठा लागला.

"सर, आपण रस्त्यावर आलो."

"हो."

"अजून मासाच?"

"अजून मासाच."

एकतिसाव्या पावलाला दोर वळला. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूने हात फिरवत परत नळापाशी आली.

"चूक माझी होती," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हिने बरोबर विचारलं. मी माप चुकीचं शिकवलं."

वकीलबाईने मान हलवली. माफ केलं असं काही तिने म्हटलं नाही.

"डोळा कुठे आहे?"

मास्तरांनी जीभ चावली. डोळा राहिलाच होता. ते मामाकडे वळले.

"संत्र्याएवढा," मामा म्हणाला. "उघडा होता."

मास्तरांनी बादलीतली माती घेऊन गोळा वळला आणि मामाच्या हातात दिला. मामाने तो चिमटीने थोडा कमी केला, पुन्हा बघितला, आणि भाचीच्या तळहातावर ठेवला.

"एवढाच?" ती म्हणाली. "एवढ्या मोठ्याला?"

"एवढाच."

"कुणाकडे बघत होता?"

मामाने मातीचे हात विजारीला पुसले. "मी शेपटीकडे होतो ग. त्याच्या शेपटीला जाळं होतं. जुनं, फाटकं. तीन वेढे बसले होते, मांसात गेले होते. मी सुरीने कापलं. पण तोवर तो संपला होता."

"कुणाचं जाळं?"

"कसं सांगू? आमच्या जाळ्याची गाठ अशीच असते. सगळ्यांचीच अशी असते."

वकीलबाईने तो डोळा दोन्ही हातांत धरला.

"मग तू हसलास कशाला?"

मामा खाली बसला, तिच्या उंचीला आला.

"तू म्हणालीस, उचलून पाण्यात का नाही ठेवला," तो म्हणाला. "दिवसभर आम्हालाही त्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं."