पाटावर बसलेली डेल्फीन प्रुइट

सुचित्रा जिन्यावरून खाली आली, तिने जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं आणि शेवटच्या पायरीवर मटकन खालीच बसली.

टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर नवऱ्याचा, प्रतापचा लॅपटॉप, लेकीची, स्वानंदीची कंपासपेटी, घरातली मोठी कात्री आणि या सगळ्यांच्या मधोमध डेल्फीन प्रुइट. हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग वाहिलेलं. आयर्लंडातल्या या नावन गावात झेंडू कुठला मिळायला, म्हणून भोवती सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. उदबत्तीची राख तेवढी बाजूच्या बशीत पडत होती, एवढंच काय ते नशीब.

"अहो आई!" सुचित्रा ओरडली. "हे काय केलंत?"

"दसरा आहे ना आज," उषाताई समईची वात पुढे सारत म्हणाल्या. "हत्यारं पूजली. कात्रीला मुहूर्तापुरती तरी धार लावायला हवी होती, तुझ्याकडे मेलं काही सापडतच नाही."

आता ही डेल्फीन कोण, ते सांगायला हवं. अलाबामातल्या चर्चमध्ये गाणारी ही मुलगी १९६६ साली एका बड्या गायकाच्या मागे कोरसमध्ये उभी राहायला लंडनला आली, आणि तो परत गेला तरी ही तिथेच राहिली. तिथल्या लोकांनी तिच्या त्या खोल, दुखऱ्या गळ्यामागे व्हायोलिनं लावली, ट्रम्पेट लावले, खंजिरी लावली आणि तिच्याकडून चक्क पॉप गाऊन घेतलं. सगळ्या मिळून सहा तबकड्या निघाल्या. ब्रिटनमध्ये एकही धड चालली नाही. आयर्लंडच्या नाचघरांत मात्र तिच्या 'लेट द टॅक्सी वेट'ने दोन वर्षं नुसता धुमाकूळ घातला. प्रियकर निघालाय, दारात टॅक्सी उभी आहे, आणि ही म्हणते, थांबू दे तिला, आधी माझ्याबरोबर नाच. बस, एवढंच गाणं. पण ते ऐकून बसून राहणारा माणूस सुचित्राने अजून पाहिला नव्हता.

सुचित्राला ही पाटावरची तबकडी स्लायगो गावच्या एका बंद पडलेल्या नाचघराच्या खोक्यात मिळाली होती, तीन वर्षं शोधल्यावर. प्रतापच्या नोकरीपायी ती नावनला आली, तेव्हा तिच्या व्हिसावर 'डिपेंडंट' लिहिलेलं होतं, आणि तो शब्द तिच्या डोक्यात जायचा. मग तिने जुन्या तबकड्या जमवल्या, एक प्लेअर घेतला, आणि कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती, असं करत साठच्या दशकातली गाणी वाजवायला लागली. आणि आज, दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी सहाला, तिची परीक्षा होती. नावनबाहेर, नदीपलीकडच्या हॉलमध्ये दर महिन्याला नाच व्हायचा. तिथला सेक्रेटरी डेक्लन म्हणाला होता, "डेल्फीनची खरी तबकडी आण. फोनवरून तर माझा नातूसुद्धा वाजवतो. फ्लोअर भरला तर दर महिन्याचा पहिला शुक्रवार तुझा. नाही भरला तर थँक यू व्हेरी मच." सुचित्राला तो शुक्रवार हवा होता. इतका हवा होता, की तिला चार दिवस झोप नव्हती.

"बरं, झालं ते झालं," ती हात पुढे करत म्हणाली. "मी पुसून घेते हळूच."

"हां! हात लावायचा नाही. पूजेला बसलेलं हत्यार उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत."

"आई, मला आज सहा वाजता ती वाजवायचीय!"

"मग दुसरी कुठली तरी वाजव. भिंतभर आहेत की."

"दुसरी चालत नाही हो! मागच्या दसऱ्याला प्रतापने पूजेतला लॅपटॉप उचलून मीटिंग केलीच होती ना?"

"म्हणूनच त्याचं प्रमोशन अडकलं," उषाताई शांतपणे म्हणाल्या.

प्रताप सोफ्यावर होता. त्याने फोनमध्ये तोंड आणखी खुपसलं. अशा वेळी मधे पडण्याइतका तो खुळा नव्हता.

सुचित्राचा पारा असा चढला, की आता आईंना काहीतरी लागेलसं बोलून जाईल, असं तिचं तिलाच वाटलं. "पण माझीच वस्तू का घेतलीत? घरात दुसरं काही नव्हतं?"

उषाताईंनी समईवरचा हात मागे घेतला. "सकाळी आधी तुझ्या नावाने झारा ठेवला होता," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, झारा तर माझाही आहे. सुचित्राचं स्वतःचं हत्यार कुठलं? दोन महिने झाले मला इथे येऊन, आणि हे मी तुला कधी विचारलंच नाही. स्वानंदीला विचारलं. ती म्हणाली, आजी, दॅट वन, डेफिनेटली. म्हणून ती मधोमध ठेवली."

झालं! आता कसली रागावते? दोन महिने ज्या बाईने 'तबकड्यांचा पसारा आवर' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, तिने तबकडीला हळदकुंकू वाहिलं होतं. सुचित्राला भरून आलं, आणि त्याच वेळी घड्याळात साडेचार वाजल्याचंही दिसलं. माणसाने करावं तरी काय!

ती समोरच्या खुर्चीत बसली. नाक ओढलं. डेक्लनला फोन करून नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून तिने फोन हातात घेतला.

उषाताई तिच्याकडे बघत होत्या.

"हॉल कुठे आहे म्हणालीस?"

"नदीपलीकडे. नावनची हद्द संपते तिथे."

"हद्दीच्या बाहेर ना?"

"हो."

"मग आधी बोलायचंस की गं!" उषाताई ताडकन उठल्या. "आज सीमोल्लंघन नाही का? आमच्या कऱ्हाडला संध्याकाळी देव पालखीत बसून वेशीबाहेर जातातच. त्याने काय पूजा मोडते? जातात आणि येतात. उचला पाट! आहे तस्सा उचला. प्रताप, ऊठ, गाडी काढ. स्वानंदी, घंटा घे."

"आई, लॅपटॉप तरी ठेवू," प्रताप म्हणाला. "आज मी ऑन-कॉल आहे."

"पूजेतलं काही वेगळं काढायचं नाही म्हणून सांगितलं ना!"

पावणेसहाला ती वरात हॉलच्या दारात उभी. पुढे घंटा वाजवत अकरा वर्षांची स्वानंदी, मागे गर्भरेशमी साडीवर अंगभर कोट चढवलेल्या उषाताई, त्यांच्यामागे पाट धरलेले प्रताप आणि सुचित्रा, आणि पाटावर मधेच पिंग पिंग करणारा लॅपटॉप. समई तेवढी गाडीत विझवून ठेवली होती. नाच समितीच्या अध्यक्ष ब्रीडाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ओठांना लाल लिपस्टिक, दारातच पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "ओ, लव्हली! केक आणलात?"

डेक्लनने पाटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि एक भुवई वर केली.

तबकडी उषाताईंनी स्वतः उचलली, कपाळाला लावली आणि प्लेअरवर ठेवली. सुचित्राला ब्रशने नुसती फुंकरीएवढी हलकी झाडझूड करू दिली, त्यापुढे नाही. लेबलावरचं कुंकू तसंच राहिलं. सुचित्राने सुई खाली आणली.

आधी नुसती खरखर. मग आणखी खरखर. हॉलभर कडेच्या खुर्च्यांवर बसलेली पन्नासेक माणसं, एकही उठेना. आणि मग खंजिरी, मग ट्रम्पेट, आणि त्या हळदीच्या धुळीतून वर आला डेल्फीनचा आवाज, भरदार, लाडिक, रडवेला, सगळं एकदम.

ब्रीडाबाईंनी पर्स खुर्चीवर फेकली. बघता बघता फ्लोअर भरला. पांढऱ्या केसांचे बुवा गिरक्या घ्यायला लागले, काठ्या भिंतीला टेकल्या, कुणीतरी प्रतापलाही ओढलं. सुचित्रा प्लेअरमागे उभ्या उभ्याच नाचत होती. वाजली! बया वाजली!

आणि शेवटच्या कडव्यात सुई अडली. कुंकवाने चिकटलेला एक तांदूळ. "लेट इट वेट," डेल्फीन म्हणाली. "लेट इट वेट. लेट इट वेट. लेट इट वेट."

कप्पाळ! डेक्लनने वळून पाहिलं. सुचित्राने सुईकडे झेप घेतली, तर मनगटावर उषाताईंचा हात.

"हात नको लावूस. नाचतायत ना अजून?"

नाचत होते. थांबायचं सोडाच, त्या तीन शब्दांच्या ठेक्यावर पाय आणखी जोरात पडत होते. अख्खा हॉल खिदळत डेल्फीनबरोबर ओरडत होता, लेट इट वेट! तेवढ्यात उषाताईंनी कोट काढून प्रतापच्या अंगावर टाकला, पदर खोचला आणि सरळ जाऊन ब्रीडाबाईंचे दोन्ही हात फुलीसारखे धरले.

फुगडी! ज्या गुडघ्यांना सुचित्रा दोन महिने रोज मलम चोळत होती, त्या गुडघ्यांवर फुगडी! ब्रीडाबाईंना आधी काही कळेना, मग कळलं, मग त्या मागे झुकल्या आणि दोघी गरागरा फिरायला लागल्या. आजूबाजूच्यांनी पाहिलं आणि हात तिरके धरून जोड्याजोड्या फिरायला लागल्या. स्वानंदी घंटा बडवत होती. सुचित्राला हसून हसून उभंही राहवेना.

शेवटी ब्रीडाबाई "जीझस, मेरी अँड जोसेफ" म्हणत खुर्चीत कोसळल्या, तेव्हाच सुचित्राने सुई उचलली. अशा टाळ्या पडल्या, की बाहेर गाडीतून उतरणारी माणसं पळत आत आली.

डेक्लन घाम पुसत प्लेअरपाशी आला. "तो जो अडकण्याचा प्रकार," तो म्हणाला, "तो दर वेळी होईल का?"

"होऊ शकतो," सुचित्रा म्हणाली.

"पहिला शुक्रवार तुझा. आणि ह्यांना घेऊन यायचं. अट आहे."

"काय म्हणतोय हा?" उषाताई धापा टाकत होत्या, कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

"म्हणतोय, दर महिन्याचा पहिला शुक्रवार माझा. आणि तुम्हीही यायचंच."

"शुक्रवारी माझा उपास असतो," उषाताई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "साबुदाण्याची खिचडी खाऊन येईन."

मग मात्र सुचित्राचा बांध फुटला. सगळ्यांच्या देखत तिने सासूच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायला लागली, हसत हसत, नाक पुसायलाही न थांबता. उषाताईंनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. तिसऱ्यांदा जरा जोरातच.

"रडतेस काय वेड्यासारखी? लोक उभे आहेत बघ ताटकळत. लाव पुढचं."