सेंसरची पूजा

नवी राजधानी म्हटल्यावर रुंद रस्ते आले. रस्त्यांवर फिरायला माणसं नव्हती म्हणून कडेला तलाव आला, आणि तलाव रिकामा दिसतो म्हणून बोट आली. बोट सांभाळायला तुळशीरामाला कंत्राटावर ठेवलं. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. आपल्या हातून गेलेलं एकही इंजिन वाटेत बसलं नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

आणि हे पोत्याएवढं इंजिन उद्घाटनालाच तलावाच्या मधोमध टीं टीं करत बंद पडलं! तलावाचे प्रभारी दिवाकर साहेब सहकुटुंब बोटीत. शेवटी वल्ही मारत किनारा गाठला. तुळशीरामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाकर साहेब ऑफिसात नवी झेरॉक्स मशीन आली तरी हार घालणारा माणूस. इंजिनाचीही त्यांनी साग्रसंगीत पूजा केली होती. नारळ फोडला, जरीचा झेंडूचा हार घातला आणि निघताना तो हार भक्तिभावाने तिथेच तलावात सोडला. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? पाणी तर हाताशीच होतं.

दुसऱ्या दिवशी शंकर नगरच्या इंजिन एजन्सीतून तंत्रज्ञ क्षमा आली. घर मराठी, पण शहर हिंदी, म्हणून उत्तर हिंदीतच देणार. तिने इंजिनाला वायर जोडली, स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "सर, कोड टेम्परेचर सेंसर का है।"

"म्हणजे सेंसर खराब!" साहेब खूश झाले.

"साहेब, कोड म्हणून राहिला का इंजिन गरम आहे," तुळशीराम म्हणाला. "थे तर मले हात लावूनही कळते. काहून गरम आहे थे पाहा ना. हे इंजिन तलावाचंच पाणी ओढून थंड होते, अन् मागून धार सोडते. धार येऊनच नाही राहिली!"

"अंकल, स्क्रीन पे साफ लिखा है।"

"बेटा, घरी कोणाले ताप आला तर थर्मामीटर बदलवतेस का?"

क्षमा हसली आणि स्क्रीनकडे पुन्हा एकदा पाहू लागली. साहेब हसले नाहीत. "इंजिन गॅरंटीत आहे. तू हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं.

नवा सेंसर आला. त्याची पूजा झाली, हार तलावात गेला. दहा मिनिटांत टीं टीं. दुसरा सेंसर आला. पुन्हा नारळ, पुन्हा हार, पुन्हा टीं टीं. दोष सेंसरचा ठरला होता, पण पत्र तुळशीरामाला आलं. राज्याच्या स्थापनादिनी, राज्योत्सवाला, पाहुणे बोटीत बसतील. बोट थांबली तर जबाबदारी मेकॅनिकची आणि कंत्राट रद्द.

राज्योत्सवाच्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आत तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. गेली ती गॅरंटी खड्ड्यात! इंजिनाच्या खालच्या जाळीवर हात फिरवला तर बुळबुळीत गोळा लागला. ओढला तसा सडका झेंडू, नायलॉनचा दोरा आणि जरीची फुलं हातात आली. दोन-तीन हारांचा ऐवज होता. इंजिन सुरू केलं आणि मागून पाण्याची धार सुटली. तुळशीरामाला हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. साहेबानं मनाई केली अन् आपण हात बांधून बसलो, काय कामाची ती चौतीस वर्षं?

बादलीत तो लगदा घेऊन तो साहेबांपुढे गेला. "साहेब, हे पाहा. हेच पाणी अडवून राहिलं होतं."

"काय घाण आणली रे! पाहुणे येऊन राहिले, फेक ते आधी."

तिसरा सेंसर आलाच होता. तो बसवला, पूजा झाली, बोट छान घुरघुरू लागली. "बघ, सेंसरच होता!" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पाहुणे बोटीत बसले. मग साहेबांनी इंजिनावरचा हार काढला, डोळे मिटले आणि हात नेमका जाळीच्या वर पाण्यावर धरला.

"अहो, थांबा!" तुळशीरामाने झडप घातली. हार ठेवायला जागा दिसेना, तेव्हा त्याने तो सरळ आपल्याच गळ्यात घातला. फोटोवाल्यांनी फोटो काढले. मागे धार सोडत बोट तलावाला पूर्ण फेरी मारून आली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. पाहुण्यांच्या शेजारी हार घातलेला तुळशीराम आणि साहेबांचं नुसतं कोपर. आठवड्यात पत्र आलं. 'समारंभाचा हार स्वतः परिधान केल्याबद्दल' कंत्राट रद्द. तुळशीराम ब्राह्मणपारा वस्तीतल्या आपल्या घरी बसला. सहा महिन्यांचं कंत्राट पहिल्यांदाच वाढणार होतं, ते गेलं. फार लागलं त्याला ते.

महिन्याभराने फोन वाजला. पलीकडे क्षमा.

"काका," ती चक्क मराठीत म्हणाली, "बोट पुन्हा बसली. तोच कोड आहे. साहेब चौथा सेंसर मागवून राहिले. तुम्ही म्हणाला तशी धारच येऊन नाही राहिली. इंजिन पाणी ओढते ती जाळी कुठं असते, मला सांगा ना."

तुळशीरामाने आधी विचारलं, "या खेपेला पूजा कशाची केली?"

"कशाचीच नाही. नवीन मेकॅनिक रुजू झाला ना, त्याला हार घातला. निघताना साहेबांनी तो तलावात सोडला."